पिढी जन्मसालावरून नको, हाताला काय येतं त्यावरून ठरवूया

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

१९६५ ते १९८० जेन-एक्स, १९८१ ते १९९६ मिलेनियल, हे हिशेब अमेरिकेचे. आपल्याकडे ते चिकटवले की गडबड होते, कारण आपल्याकडे कुठलीच वस्तू सगळीकडे एका वेळी पोचली नाही. दूरदर्शन मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुण्याला सिंहगडावरच्या ट्रान्समीटरमुळे १९७३ ला दिसू लागलं, आणि कित्येक तालुक्यांच्या गावी १९८४ नंतर. १९६८ साली जन्मलेलं दादरचं पोर टीव्हीसमोर मोठं झालं, त्याच साली जन्मलेल्या आतल्या गावच्या पोराने टीव्ही पाहिला तो कॉलेजात गेल्यावर. हे दोघे एका पिढीचे कसे?

म्हणून दुसरी पट्टी लावून पाहू. कोणती वस्तू बिघडली तर तुम्हाला ती स्वतः चालू करता येत होती? कुणाची ओळख स्टोव्हची पिन, कुणाची अँटेनाचा दांडा, कुणाची कॅसेट, कुणाची फाँटची फाइल.

प्रतिसादात ती वस्तू कशी चालायची, काय बिघडायचं, का बिघडायचं आणि आज करायचं झालं तर कसं, एवढं लिहा. "आमच्या वेळी काय मजा होती" यासाठी व्हॉट्सॅप आहे.

---

बालाघाटी

मुद्दा बरोबर, पण अर्धाच. फरक नुसत्या सालाचा नाही, काय दिसत होतं त्याचाही आहे. १९८४ मध्ये १०० वॅटच्या छोट्या ट्रान्समीटरांची रांग लागली. त्यांच्याकडे स्टुडिओ नव्हता. इन्सॅट-१ब उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम उतरवायचा आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात फेकायचा, एवढंच काम. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या लोकांची "तेव्हाचं दूरदर्शन" म्हणून जी मराठी आठवण आहे, ती या गावांत सुरुवातीला नव्हतीच. इथलं तेव्हाचं दूरदर्शन हिंदी होतं. मराठी होता तो रेडिओ. मराठीतल्या स्मरणरंजनाच्या लेखांत हा भाग कधी येत नाही, कारण लिहिणारे बहुतेक वरळीच्या टॉवरच्या टप्प्यातले.

---

गच्चीकर

अँटेनाचं मी लिहितो.

मुंबईचं पहिलं चॅनेल व्हीएचएफच्या खालच्या पट्ट्यात, चॅनेल ४ वर होतं, म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. या लहरीची लांबी साडेचार मीटरच्या आसपास, अँटेनाची मुख्य कांडी त्याच्या निम्मी, म्हणून ती सात फुटांहून लांब. मागची कांडी त्याहून जरा मोठी, पुढच्या जरा लहान. वरच्या पट्ट्यातल्या चॅनेलची अँटेना याच्या निम्म्याहूनही छोटी. त्यामुळे जुन्या फोटोत कौलांवरच्या कांड्यांची लांबी पाहिली तरी तिथे कुठल्या पट्ट्यातलं चॅनेल येत होतं ते कळतं.

मधली दुमडलेली कांडी ३०० ओहमची, तिला चपटी रिबन वायर ३०० ओहमचीच. ती लोखंडी पाइपाला बांधली की सिग्नल मेलाच. प्लास्टिकच्या खुंट्यांवर, पाइपापासून चार बोटं लांब ठेवायची आणि फुटाला एखादा पीळ द्यायचा. नंतर गोल ७५ ओहमची केबल आली. ती सरळ अँटेनाला जोडली तर चित्र फिकं पडायचं, कारण मध्ये बलून (दोन वेगळ्या ओहमच्या वायरींचा मेळ घालणारा छोटा जोड) लागतो. बहुतेक ठिकाणी तो डबीत असायचा आणि दोन पावसाळ्यांत गंजायचा. चित्र फक्त पावसात खराब होत असेल तर आधी ती डबी उघडायची.

आता भुतं. मुख्य चित्राच्या उजवीकडे दुसरं फिकट चित्र दिसायचं, ते इमारतीवरून किंवा डोंगरावरून आपटून उशिरा आलेलं. किती उशिरा, हे पट्टीने मोजता यायचं. आपल्या पद्धतीत एक रेघ पडद्यावर ५२ मायक्रोसेकंदांत डावीकडून उजवीकडे जाते. २० इंची पडदा साधारण ४० सेंटिमीटर रुंद. म्हणजे एक सेंटिमीटर सरकलेलं भूत सुमारे १.३ मायक्रोसेकंद उशिरा आलं, म्हणजेच जवळपास ३९० मीटर जादा चालून आलं. तेवढ्या वळशाची नवी इमारत कुठली, हे गच्चीवरून सहज सापडायचं. उपाय असा, की अँटेना सर्वांत ठळक चित्राकडे न रोखता, भूत सर्वांत फिकं होईल तिकडे थोडी वळवायची. चित्र जरा पडेल, पण वाचता येईल. "आलं का? आलं का?" हा आरडाओरडा गच्चीवरचा ठळक चित्र शोधत असायचा म्हणून लांबायचा.

बूस्टर लावून भूत जात नाही, भूतही मोठं होतं. दुकानदार हे सांगत नसत.

---

रॉकेलरांग

पंपाच्या स्टोव्हवर लिहिते, कारण या विषयावर कौतुकाचे लेख भरपूर आहेत आणि त्यातले बरेच जण स्टोव्ह पेटवणारे नसून चहा पिणारे वाटतात.

टाकी दोनतृतीयांश भरायची, त्याहून जास्त नाही. वर हवेला जागा राहिली नाही तर दाब टिकत नाही. हवेचा स्क्रू उघडा ठेवून काकडा स्पिरिटमध्ये बुडवायचा, बर्नरच्या मानेला अडकवून पेटवायचा. तो विझत आला की स्क्रू बंद, मग दहा-बारा हलके पंप. रॉकेल तापलेल्या नळीतून जाताना त्याची वाफ होते आणि वाफच जळते. निळी ज्योत ती हीच. पिवळी उसळती ज्योत आली तर बर्नर तापलेला नाही, पातळ रॉकेलच वर येतंय. इथे लोक आणखी पंप मारतात, तिथेच चुकतं. स्क्रू सोडायचा, ज्योत बसू द्यायची, पुन्हा काकडा लावायचा.

बिघाड:

पंप पोकळ लागतो, दांडा सरसर आत जातो: चामड्याचा वायसर वाळलाय. काढून तेलात भिजवायचा, कडा बोटांनी बाहेर फाकवायच्या, पुन्हा बसवायचा. नवीन घेण्याची वेळ फार उशिरा येते.

दांडा आपोआप वर येतो किंवा पंपाच्या नळीत रॉकेल सापडतं: तळाच्या व्हॉल्व्हची छोटी गोटी झिजली. ही लांब पान्याने उलगडावी लागते, घरच्या पकडीने नाही.

ज्योत एका बाजूला झुकते, भांड्याचा एकच भाग काळा होतो: निपलचं (वाफ बाहेर पडते त्या तोटीचं) भोक लांबट झालंय. कारण पिन. पिन सरळ घालून सरळ काढायची असते, आत घालून फिरवली की पितळ खरवडतं. यावर दुरुस्ती नाही, निपल बदलायचं.

आणि भडका. चालू किंवा गरम स्टोव्हच्या टाकीचं झाकण उघडलं की दाबाखालचं गरम रॉकेल फवाऱ्यासारखं उडतं, शेजारी ज्योत असतेच. रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ असेल तर झाकण उघडायचीही गरज नाही. अपघात खरे होते. पण "स्टोव्हचा भडका उडाला" हे वाक्य त्या काळात सुनांच्या जळण्याच्या बातम्यांत इतक्या वेळा यायचं की ते पांघरूण झालं होतं. ४९८-अ कलम (सासरचा छळ) १९८३ मध्ये आणि ३०४-ब (हुंडाबळी) १९८६ मध्ये आलं, ते याच काळात. पितळी स्टोव्ह दिवाणखान्यात शोभेला ठेवणाऱ्यांनी ठेवावा, पण त्या पिढीची ओळख सांगताना हेही सांगावं.

---

तिसरी_घंटा

@रॉकेलरांग, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. शोभेचा स्टोव्ह पुन्हा पेटवू पाहणाऱ्यांनी काय पाहावं?

---

रॉकेलरांग

आधी मुळात पेटवू नये. तरी पेटवायचाच असेल तर टाकीच्या तळाला डाग दिलाय का ते पाहा. डाग म्हणजे तिथे पत्रा आधीच पातळ झालेला. टाकीत पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा, ओला ठिपका उमटला तर विषय संपला. नाही उमटला तर बर्नरखालचा शिशाचा वायसर आणि पंपाचे दोन्ही वायसर नवे टाका आणि उघड्यावर पेटवा. रेशनचं निळं रॉकेल महाराष्ट्रात जवळपास संपलंय, पांढरं महाग मिळतं. त्याऐवजी डिझेल नको, काजळीने बर्नर तासाभरात तुंबतो. पेट्रोल तर विचारातही आणू नका.

---

फीतवाला

माझी पिढी कॅसेटची, आणि या धाग्यावर आज खरोखर तातडीचं काम कुठलं असेल तर हेच. स्टोव्ह वीस वर्षांनीही पितळच राहील. घरच्या कॅसेटवरचे आवाज राहणार नाहीत.

फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. सी-६० मध्ये साधारण ९० मीटर फीत, सी-९० मध्ये १३५. खोका तेवढाच, म्हणून सी-९० ची फीत पातळ, सी-१२० ची आणखी पातळ. "दोन तासांची कॅसेट घेऊ, स्वस्त पडेल" म्हणून ज्या घरांनी बारसं-मुंजीला सी-१२० वापरली, त्यांच्या फिती आज सर्वांत जास्त ताणलेल्या आणि गुंडाळलेल्या निघतात. अशा कॅसेटला आधी हात लावू नका. सी-६० वर सराव करून मग.

क्रम असा.

वाजवण्याआधी: कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, शक्यतो हाताने. षटकोनी पेन्सिल चाकाच्या सहा दातांत बरोबर बसते. वर्षानुवर्षं पडून थर एकमेकांना चिकटतात. यंत्राने झटक्यात ओढलं तर फीत शेवटच्या टोकाला, चाकापाशी तुटते. मागच्या बाजूच्या दोन खिट्या मोडलेल्या नसतील तर आत्ता मोडा. एका चुकीच्या बटणाने मुंजीवर तुमचा आजचा फॅन रेकॉर्ड होईल.

यंत्र: हेड, कॅपस्टन (फीत ओढणारी फिरती कांडी) आणि रबरी रोलर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सेंट, स्पिरिट, सॅनिटायझर चालत नाही. त्यातलं पाणी आणि सुगंधी तेल रोलरवर बसतं. रोलर चकचकीत, कडक झालेला असेल तर तो फीत वाकडी ढकलतो आणि यंत्र "कॅसेट खातं". दोष कॅसेटचा नसतो. आतला पट्टा काळ्या डांबरासारखा वितळला असेल तर तो पूर्ण खरवडून, अल्कोहोलने धुऊन नवा घाला. हातमोजे घाला, ते काळं चार दिवस निघत नाही.

गादी: फीत उघडी दिसते त्या कडेच्या मधल्या खिडकीतून पाहिलं तर फितीच्या मागे तांब्याच्या पट्टीवर छोटी नमद्याची गादी दिसते. ती पडली असेल तर आवाज दूर गेल्यासारखा, कापसातून आल्यासारखा येतो. लोक याला "फीत गेली" म्हणतात. फीत शाबूत असते. दुसऱ्या टाकाऊ कॅसेटची पट्टी गादीसकट बसवा.

उघडणं: पाच स्क्रूची असेल तर सपाट टेबलावर, पहिली बाजू वर ठेवून उघडा आणि आधी मोबाइलवर फोटो काढा. दोन टोकांचे रोलर, चुंबकीय आवरणाची पत्र्याची पट्टी आणि दोन्हीकडचे पातळ प्लास्टिक कागद यांतलं एक जरी विसरलं तर कॅसेट घासते. स्वस्त कॅसेट चिकटवलेल्या असतात. सांध्यावर पातळ ब्लेड हळू चालवून उघडा आणि दोन्ही रिळं स्क्रूच्या रिकाम्या खोक्यात घाला.

तुटलेली फीत: दोन्ही टोकं तिरकी कापा, टोकाला टोक भिडवा, एकावर एक चढवू नका. जोडपट्टी फितीच्याच रुंदीची, खास मिळते ती, आणि आतल्या बाजूने. हेडला घासते ती बाहेरची बाजू कोरी राहिली पाहिजे. साधी सेलोटेप लावली तर महिन्याभरात तिचा गोंद कडेने पाझरून पुढचा थर चिकटतो.

हेडचा कोन: हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. घरच्या यंत्राचा हेड किंचित तिरका असेल तर रेकॉर्डिंगही तेवढ्याच तिरक्यात झालं. दुसऱ्या चांगल्या डेकवर ते बसकं ऐकू येतं आणि मालक म्हणतो, "आमच्या जुन्या टेपवर बरं वाजायचं." खरंच वाजायचं. हेडशेजारी स्प्रिंगचा स्क्रू असतो, तो एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवत, दोन्ही चॅनेल एकत्र करून, "स" आणि टाळ सर्वांत स्पष्ट येतील तिथे थांबा. दर कॅसेटला नव्याने.

संगणकात: डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेस, ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज वजा ६ डेसिबलपर्यंत. ९० मिनिटांना साधारण दीड जीबी. मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक, नातेवाइकांना एमपी३. खरखर काढण्याचा मोह मूळ प्रतीवर नको. घरच्या साध्या यंत्रावर भरलेल्या कॅसेटला डॉल्बीचं (खरखर कमी करण्याचं) बटण बंदच ठेवा, नाहीतर टाळ गायब. गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा.

वेग: जुनी यंत्रं धावतात किंवा रेंगाळतात. फितीवर विजेची ५० हर्ट्झची गुणगुण बहुतेक वेळा नकळत भरलेली असते. स्पेक्ट्रममध्ये (वारंवारतेच्या आलेखात) ती ५२ वर दिसली तर कॅसेट ४ टक्के जलद चालली आहे. तेवढं कमी करायचं.

---

हरकत_नाही

@फीतवाला, बाकी सगळं उत्तम, शेवटच्या परिच्छेदाला हरकत आहे. ५० हर्ट्झ गृहीत धरायला आपण युरोपात नव्हतो. नव्वदच्या दशकात आपल्या ग्रिडची वारंवारता ४८ च्या खाली आणि कधी ५१ च्या वर फिरायची. वारंवारतेनुसार दर लावण्याची पद्धत पश्चिम विभागात २००२ मध्ये आली, तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली. संध्याकाळी सातच्या बारशाला, लोड शिखरावर असताना, खरी गुणगुण ४८.५ असू शकते. तुमच्या हिशेबाने ती ५० वर नेली तर आवाज ३ टक्के चढेल, म्हणजे जवळपास पाव सूर. आजोबांचा आवाज किरटा होईल.

आणखी एक. वाजवणाऱ्या डेकचीही स्वतःची गुणगुण असते, ती आजच्या ग्रिडची. आधी कॅसेट न घालता रेकॉर्ड करून ती रेघ ओळखा.

---

फीतवाला

ग्रिडचा मुद्दा मान्य. मग गुणगुण फक्त एकाच कॅसेटमधली हलचल पाहायला वापरावी. ठरावीक वेगासाठी पेटी बरी. भजन, भोंडला, गाण्याची बैठक, कशातही बाजाची पेटी असेल आणि तीच पेटी अजून घरात असेल, तर तिची एक पट्टी आज रेकॉर्ड करा आणि जुळवा. पेटीचे सूर वर्षांनुवर्षांत उतरतात ते फार थोडे, यंत्राच्या ३-४ टक्क्यांपुढे काहीच नाहीत. पेटी विकली असेल तर ३१५० हर्ट्झची टेस्ट कॅसेट आणून निदान वाजवणारं यंत्र तरी सरळ करा.

---

हुकठोक

थोडक्यात फोनचं. चकतीचा फोन आकडा पाठवतो तो लाइन तेवढ्या वेळा तोडून: ३ ला तीन ठोके, ० ला दहा, सेकंदाला साधारण १० या वेगाने. चकतीला कुलूप घातलं तरी तोडणारी दुसरी कळ उघडीच राहायची, ती म्हणजे रिसीव्हर ठेवायचा खटका. तो त्याच लयीत दाबला आणि दोन आकड्यांमध्ये पाऊण-एक सेकंद थांबलं की नंबर लागायचा. चुकायचं ते शून्याला, कारण दहा ठोके एका लयीत मारणं अवघड. म्हणून एसटीडी कोडची सुरुवातच अडायची आणि कुलपाचा हेतू निम्मा साध्य व्हायचा. टोन डायलिंगचं एक्स्चेंज आल्यावरही ठोके बरीच वर्षं चालत होते.

---

रफार

वर सगळे ऐंशीच्या दशकात रमलेत. १९९५ ते २००५ मध्ये मराठीत टाइप करायला शिकलेल्यांची पिढी वेगळी आहे आणि तिचा ऐवज सर्वांत वेगाने नष्ट होतोय. दिवाळी अंकांच्या फायली, संस्थांची इतिवृत्तं, शोधनिबंध, लग्नपत्रिका, सगळं श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फाँटमध्ये. फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा.

युनिकोडमध्ये (आज सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या समान अक्षरपद्धतीत) आणायचं तर अडचण कुठे येते ते आधी समजून घ्या. त्या फाँटमध्ये अक्षर जसं दिसतं त्या क्रमाने साठवलंय. पहिली वेलांटी दिसते आधी, म्हणून साठवली आधी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार तिथे अक्षर संपल्यावर, युनिकोडमध्ये र आणि हलन्त सगळ्यांच्या आधी. "कार्यकर्ता"मध्ये हे दोनदा घडतं, "निर्मिती"त रफार वेलांटीवरून उडी मारतो. शिवाय पुष्कळ फाँटमध्ये अर्धा प आणि उभी दांडी मिळून पूर्ण प, आणि तीच दांडी काना म्हणूनही. नुसतं शोधा-बदला करून हे होत नाही, क्रम लावणारा कन्व्हर्टरच लागतो, तोही त्याच फाँटसाठी बनवलेला.

करायचं असं: मूळ फाइलची प्रत बाजूला. ज्या संगणकावर फाँट अजून आहे तिथे आधी पीडीएफ करा, फाँट आत घालून. निदान डोळ्यांनी वाचता येईल असा पुरावा राहतो. फाइलमधलं फाँटचं नेमकं नाव, आकड्यांसकट, लिहून ठेवा. मग कन्व्हर्टर. मग पाच ठिकाणी तपासा: पहिली वेलांटी असलेली जोडाक्षरं, रफार, क्ष-ज्ञ, इंग्रजी आकडे आणि ऱ्या.

शेवटचं सर्वांत दगाबाज. "दुसऱ्या", "वाऱ्या", "तऱ्हा" हे कन्व्हर्टर हमखास साध्या रफाराने लिहितात. बरोबर आले तरी दोन पद्धतींनी येऊ शकतात: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही. पूर्ण संग्रहात एकच ठेवा.

---

जेन_झी_सांगवी

मी २००३ ची, त्यामुळे तुमच्या पट्टीवर माझी पिढी अजून ठरायची आहे. दोन प्रश्न. कॅसेटच्या फितीवर कडेने पांढरे ठिपके आहेत, वाजवू का? आणि फ्लॉपी वाचायला काय घेऊ?

---

फीतवाला

वाजवू नका. ती बुरशी आहे, मुंबई-कोकणात हमखास. एक कॅसेट वाजवली की हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. बुरशीवाल्या वेगळ्या डब्यात, सिलिका जेलच्या भरपूर पुड्या घालून दोन-तीन आठवडे. ठिपके कोरडे, भुकटीसारखे झाले की मास्क लावून, घराबाहेर, खोका उघडून फीत मऊ, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडातून हाताने सावकाश ओढत दुसऱ्या रिळावर घ्या. पाणी नको. मग नव्या खोक्यात, आणि वाजवायला एखादं टाकाऊ यंत्र. प्रत्येक बाजूनंतर हेड पुसा. जुना खोका फेकून द्या, पण त्यावरचं हाताने लिहिलेलं लेबल आधी स्कॅन करा. तारीख बहुतेकदा तिथेच असते.

---

रफार

साडेतीन इंची फ्लॉपी असेल तर यूएसबीचा साधा ड्राइव्ह चालतो. सव्वापाच इंचीला तो चालत नाही, त्यासाठी जुना ड्राइव्ह आणि वेगळं कंट्रोलर कार्ड लागतं. फ्लॉपीची सरकती पट्टी बाजूला करून आतली चकती पाहा. तिच्यावरही तसेच ठिपके असतील तर ड्राइव्हमध्ये घालू नका. स्वच्छ असेल तर आधी लिहिण्याची खिडकी उघडी करा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही, आणि एकेक फाइल उघडत बसण्याऐवजी पूर्ण फ्लॉपीची इमेज (हुबेहूब एकसंध प्रत) काढा. वाचताना खरखर झाली तर लगेच थांबवा आणि ड्राइव्हचा हेड पुसून मगच पुढची घाला. इमेज मिळाली की आतल्या फाँटचं नाव इथे लिहा, कन्व्हर्टर कुठला ते सांगते.